अभिज्ञान आणि इशारा : ‘ओपनएसएसएच’च्या एका संदेशाची चिकित्सा

संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या संदेशांकडे गद्याचा एक प्रकार म्हणून पाहण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही. कारखान्यातील यंत्रावर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते, तसाच हाही मजकूर, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि पाटीची समीक्षा कोणी करीत नाही. परंतु जो मजकूर वाचताच वाचकाला तत्क्षणी कृती करावी लागते, आणि ती कृती चुकल्यास एखाद्या संस्थेचे सारे दप्तर परक्याच्या हाती पडू शकते, त्या मजकुराची रचना योग्य की अयोग्य हा प्रश्न गौण मानता येणार नाही. लिनक्स, ओपनबीएसडी आदी मुक्तस्रोत कार्यप्रणालींवर दूरच्या संगणकात सुरक्षितपणे प्रवेश करण्यासाठी ‘ओपनएसएसएच’ हा प्रोग्राम सर्रास वापरला जातो. पलीकडच्या, म्हणजे यजमान संगणकाची किल्ली पूर्वीपेक्षा निराळी आढळली की हा प्रोग्राम एक लांबलचक इशारा छापतो. येथे विचार करावयाचा आहे तो या इशाऱ्याचा.

त्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. टेलनेट, आरलॉगिन यांसारख्या जुन्या साधनांत वापरणाऱ्याचा पासवर्ड पोस्टकार्डावरील मजकुराप्रमाणे उघडा प्रवास करीत असे. १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड टिपून घेतले गेल्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच रचला. एफटीपीचे दार २१ आणि टेलनेटचे २३. या दोहोंच्या मधले २२ क्रमांकाचे दार त्यांनी मागून घेतले, आणि ते मिळालेही. पुढे मूळ प्रोग्रामच्या अटी अधिकाधिक जाचक होत गेल्या, तेव्हा ओपनबीएसडीच्या मंडळींनी त्याची एक जुनी, मुक्त आवृत्ती हाती घेऊन तिच्यावरून ओपनएसएसएच सिद्ध केला. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर तो प्रसिद्ध झाला.

या प्रोग्रामचे पासवर्ड झाकण्याचे काम सर्वांना ठाऊक असते. त्याचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. ज्याच्याशी बोलणे चालले आहे तो संगणक तोच आहे काय, याचा निर्णय त्याला करावा लागतो. प्रत्येक यजमानापाशी किल्ल्यांची एक जोडी असते. खाजगी किल्लीने तो आपल्या संभाषणावर सही करतो, आणि भेटीस आलेला प्रोग्राम आपल्या यादीत पूर्वी टिपून ठेवलेल्या सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळतो. आपल्या दर्शनकारांच्या परिभाषेत ही शुद्ध प्रत्यभिज्ञा होय : ‘सोऽयं देवदत्तः’, पूर्वी पाहिलेला तो देवदत्त हाच. प्रत्यभिज्ञेस पूर्वानुभव लागतो. पहिल्या भेटीत तो नसतो, म्हणून प्रोग्राम किल्लीचा संक्षिप्त ठसा दाखवितो आणि पुढे जावयाचे काय, असे विचारतो.

अशोकवनात मारुती प्रथम समोर आला तेव्हा सीतेच्या मनात आले, की हा रूप पालटून आलेला रावणच असेल. रामाच्या मुद्रिकेने तो संशय फिटला, कारण ती मुद्रिका सीतेला आधीपासून ठाऊक होती. ओपनएसएसएचच्या पहिल्या प्रश्नात ठसा दाखविला जातो खरा. पण तो दाखविणारा स्वतः आगंतुकच असतो, आणि वाचकाने तो ठसा पूर्वी कधी पाहिलेला नसतो. सीतेने कधीही न पाहिलेली अंगठी मारुतीने पुढे करावी, तसा हा प्रकार आहे. ज्याने यजमान संगणकासमोर प्रत्यक्ष बसून ठसा उतरवून आणला आहे, त्याच्यापुरता हा प्रश्न अर्थपूर्ण आहे. इतरांच्या दृष्टीने तो उपचार आहे. एसएसएचच्या रचनाकारांना याची जाणीव नव्हती असे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४२५१ या मानक-दस्तऐवजात पहिल्या भेटीच्या वेळी पडताळणी न करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत ठेवलेली आहे, आणि किल्ल्यांची हमी देणारी सर्वदूर पसरलेली व्यवस्था अस्तित्वात नसल्यामुळे ही सवलत द्यावी लागते, हेही तेथे प्रांजळपणे सांगितले आहे. इतका प्रांजळपणा पडद्यावरच्या प्रश्नात उतरलेला नाही.

आता मुख्य इशाऱ्याकडे वळावयाचे. त्याची मांडणी अशी आहे : चिन्हांच्या चौकटीत मोठ्या अक्षरांत घोषणा, की दूरच्या यजमानाची ओळख बदलली आहे. मग पुन्हा मोठ्या अक्षरांत आणि उद्गारचिन्हासह, की कोणी तरी काही दुष्ट कृत्य करीत असण्याचा संभव आहे. त्यानंतर, या क्षणी कोणी चोरून ऐकत असेल, अशी भीती. शेवटी लहान अक्षरांत, नुकतीच किल्ली बदलली गेली असण्याचाही संभव आहे, असे एक वाक्य. पुढे नवा ठसा, व्यवस्थापकाशी संपर्क साधण्याची सूचना, आणि हा संदेश नाहीसा करावयाचा असल्यास योग्य किल्ली कोणत्या फाइलीत घालावी याचा निर्देश.

दोन्ही शक्यता सांगितल्या आहेत, तेव्हा संदेश तर्कदृष्ट्या निर्दोष आहे, असे त्याचे समर्थक म्हणतील. परंतु वाक्याचा अर्थ केवळ अभिधेने ठरत नाही. एक शक्यता मोठ्या अक्षरांत, आधी आणि कर्त्यासह. दुसरी लहान अक्षरांत, मागून, कर्मणी प्रयोगात आणि निष्कारण. किल्ली ‘बदलली जाते’ ती कोणाकडून व कशासाठी, याबद्दल अवाक्षर नाही. वाचकाला जी शक्यता नेहमी भेटते ती संदेशात अनाथ आहे, आणि जी क्वचितच भेटते ती सिंहासनावर बसली आहे. क्षेमेंद्राने औचित्याची जी कसोटी सांगितली तिला हा मजकूर उतरत नाही.

नेहमी भेटणारी शक्यता म्हणजे बहुतेक वेळा यंत्राची दुरुस्ती. एखाद्या विभागातील सर्व्हरची डिस्क निकामी होते. तंत्रज्ञ नवी डिस्क बसवितो, त्याच कार्यप्रणालीची पुन्हा स्थापना करतो, तेच नाव व तोच पत्ता देतो. पेटी तीच, खोली तीच, काम तेच. पण यजमानाची किल्ली जुन्या डिस्कवरील एका लहानशा फाइलीत होती. तिची प्रत कोणी ठेवली नव्हती. नव्या स्थापनेने नवी किल्ली घडविली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक प्राध्यापकाच्या व विद्यार्थ्याच्या पडद्यावर दुष्ट कृत्याची दवंडी पिटली गेली. याच्या उलट, जुनी डिस्क शाबूत असेल आणि मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, वीजपुरवठा असे बाकी सारे बदलले, तर ओपनएसएसएच काही न बोलता दार उघडतो. त्याच्या लेखी यंत्राची अस्मिता देहात नाही. ती काहीशे अक्षरांच्या एका फाइलीत आहे. शकुंतलेची अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडली आणि ओळख बुडाली. दुष्यंताला शाप होता विस्मृतीचा. या प्रोग्रामला शाप आहे तो केवळ अंगठीच लक्षात राहण्याचा.

यात प्रोग्रामचा दोष कितपत, हे नीट पाहिले पाहिजे. दूर बसलेल्या प्रोग्रामला डिस्क बदलली की मध्ये कोणी शिरला, हे कळण्यास मार्ग नाही. आणि जेथे कळत नाही तेथे वाईटाची कल्पना करणे पहारेकऱ्याला शोभते. किल्ली बदलली असता पासवर्डाने होणारा प्रवेश तो रोखतो, हेही रास्तच. आक्षेप पहाऱ्यावर नाही, पहारेकऱ्याच्या वाणीवर आहे. डिस्क बदलण्याच्या प्रत्येक प्रसंगी ‘लांडगा आला’ असे ओरडणाऱ्याचे पुढे काय होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. वाचक यादीतील जुनी ओळ खोडून टाकण्यास शिकतो. डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या प्रणालींत तर ही ओळ खोडण्याची तयार आज्ञा इशाऱ्यातच छापलेली असते. सोय म्हणून ती उत्तम; पण भयसूचक मजकुराने आपल्याच निर्मूलनाचा उपाय सांगावा, ही रचना विचित्र खरी. व्यवस्थापकाला विचारावे, या सूचनेचीही गत तीच : लहान संस्थांत हा मजकूर वाचणाराच पुष्कळदा व्यवस्थापक असतो.

इशारा आणि धोका यांची फारकत किती होऊ शकते हे २००८ साली दिसून आले. डेबियनच्या एका देखभालकाराने २००६ मध्ये ओपनएसएसएल या ग्रंथालयातील काही ओळी काढून टाकल्या होत्या, कारण त्यांच्यामुळे व्हॅलग्रिंड नावाचे दोषशोधक साधन तक्रार करीत असे. तक्रार थांबली, परंतु त्या ओळींबरोबर यादृच्छिकतेचा जवळजवळ सारा साठाही गेला, आणि किल्ली घडविताना उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक. परिणामतः एका जातीच्या व एका लांबीच्या किल्ल्या सुमारे ३२ हजारच संभवत होत्या. कोणीही त्या सगळ्या आधी घडवून ठेवाव्यात, इतकी ही संख्या लहान. १३ मे २००८ रोजी दोष जाहीर झाला आणि दुबळ्या यजमान-किल्ल्या बदलाव्या लागल्या. ज्या यजमानांनी किल्ली बदलली, म्हणजे जे सुरक्षित झाले, त्यांच्याबद्दल पडद्यांवर आरडाओरड झाली. ज्यांनी जुनी दुबळी किल्ली तशीच ठेवली, त्यांचे स्वागत निःशब्द झाले.

२०१२ साली नादिया हेनिंजर, झाकिर ड्युरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि जे. ॲलेक्स हाल्डरमन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याच प्रश्नाची यांत्रिक बाजू पुढे आणली. इंटरनेटवरील किल्ल्या गोळा करून पाहता १.०३ टक्के एसएसएच यजमानांच्या डीएसए जातीच्या खाजगी किल्ल्या त्यांना हस्तगत करता आल्या. कारण बरेचसे यंत्राच्या घडणीत होते. राउटरसारख्या लहान उपकरणांना कळफलक नाही, उंदीर नाही, कित्येकदा डिस्कही नाही. नुकतेच सुरू झालेले असे उपकरण यादृच्छिकता आणणार कोठून? आणि किल्ली घडविली जाते ती नेमकी त्याच वेळी.

यंत्राच्या दुखण्याविषयी बोलणारे दुसरे एक गद्य याच प्रणालींत आढळते, ते म्हणजे कर्नलची नोंद. ‘डीमेसेज’ या आज्ञेने ती वाचता येते. तिचा स्वभाव इशाऱ्याच्या अगदी उलट आहे. ती कोणावर संशय घेत नाही, उद्गार काढीत नाही. अमुक सेकंदाला अमुक डिस्कच्या अमुक भागाचे वाचन फसले, एवढेच सांगते. पण या घटनेपासून काय निष्पन्न होते, हे ती सांगत नाही. वाचनातील चूक डिस्कच्या पृष्ठाची की जोडणाऱ्या केबलची, हे वाचकाने ‘स्मार्ट’ या डिस्कच्या आत्मवृत्ताशी ताडून ठरवावयाचे : बदलून टाकलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल तर डिस्क संशयित, सीआरसी चुकांची संख्या वाढत असेल तर बहुधा केबल. अर्थात आत्मवृत्तही पुरते विश्वसनीय नसते. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखांहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीत निकामी झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी तापमान वगळता एकाही स्मार्ट संख्येत पूर्वसूचना दिली नव्हती.

दुरून प्रवेश करणाऱ्याला ही नोंद वाचावयाची तर आधी दार उघडावे लागते, आणि दार उघडण्यातील अपयश हीच पुष्कळदा त्याची पहिली खूण असते. ‘जोडणी नाकारली’ असे उत्तर आले तर पलीकडे यंत्र बहुधा जिवंत आहे, फक्त एसएसएचची सेवा चालू नाही. काहीच उत्तर न येता मुदत संपली तर यंत्र, तार किंवा मधली भिंत यांपैकी काही तरी. जोडणी होते आणि मग सारे गोठते, हे तिसरे लक्षण सर्वांत बोलके : जोडणी कर्नल स्मृतीतूनच स्वीकारतो, पण पुढच्या कामाला डिस्क लागते आणि ती उत्तर देत नाही. अशा वेळी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा मोह होतो. परंतु नोंद ज्या डिस्कवर लिहावयाची तीच गेलेली असल्याने एकमेव साक्ष कर्नलच्या स्मृतीत असते, आणि वीज जाताच ती साक्षही जाते. साक्ष आधीच दुसऱ्या यंत्राकडे धाडणारी ‘नेटकन्सोल’सारखी सोय यासाठीच आहे.

ओपनएसएसएचच्या नंतरच्या आवृत्त्यांत सुधारणेच्या खुणा दिसतात. २०१० पासून यजमानांना प्रमाणपत्रे देता येतात. संस्थेची एक सही ओळखीची असली की डिस्क बदलल्यावर नव्या किल्लीवर तीच सही करून देता येते, आणि दवंडी टळते. २०१९ च्या ८.० या आवृत्तीपासून पहिल्या प्रश्नाला ‘होय’ऐवजी ठसाच उत्तर म्हणून देता येतो, अन्य मार्गाने मिळालेला ठसा चिकटवावा आणि ताडण्याचे काम प्रोग्रामने करावे. मुद्रिकेची गोष्ट येथे प्रथमच नीट सांगितली गेली. मुख्य इशारा मात्र जवळपास जसाच्या तसा राहिला आहे.

या इशाऱ्याच्या मर्यादेचे अलीकडचे उदाहरण मार्च २०२४ मधील आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विकासक आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या ‘अस्थिर’ आवृत्तीवर एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे आढळले. प्रोसेसर उगाच राबतो आहे आणि व्हॅलग्रिंड तक्रार करतो आहे, एवढ्या धाग्यावरून त्यांनी शोध घेतला. एक्सझेड या संक्षेपक ग्रंथालयाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसविलेले निघाले. विशिष्ट खाजगी किल्ली बाळगणाऱ्याला त्यातून यजमानावर हवी ती आज्ञा चालविता आली असती. त्या काळात अशा यजमानांवर झालेल्या प्रवेशांच्या वेळी ओळख बदलल्याचा इशारा उमटण्याचे कारणच नव्हते. यजमान-किल्ली बदललेली नव्हती.