जॅकमनाय : पाकळीविना फुललेली वेल

क्लेमॅटिसचं फूल पुढून बघून झालं की उलटं करून बघावं. जास्वंदीच्या, गुलाबाच्या मागे देठापाशी हिरव्या निदलांची वाटी असते. इथे ती सापडत नाही. पुढून ज्या चार जांभळ्या पाकळ्या दिसल्या, त्याच मागे थेट देठाला जोडलेल्या असतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं आहेत. कळी मिटलेली असताना आतल्या पुंकेसरांना त्यांनीच जपलं आणि कळी उमलल्यावर रंग धरून मधमाश्यांना बोलावण्याचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं. आपल्या बोगनवेलीत रंगाचं काम पानं करतात, कलौंजीच्या फुलात निदलं करतात. ही कलौंजी क्लेमॅटिसच्याच कुळातली आहे.

या वेलीवर माझा जीव जडला तो इथे. तिच्यातला एकही अवयव नेमून दिलेल्या कामावर थांबत नाही. निदल पाकळीचं काम करतं, पानाचा देठ ताणाचं काम करतो आणि स्त्रीकेसराची वाळलेली दांडी बीजाचा पंख होते. तिच्या निगराणीचे सगळे नियमही यातूनच निघतात. ते वेगळे पाठ करावे लागत नाहीत, वेल नीट पाहिली की कळतात.

पाहण्यासाठी मी जॅकमनाय घेते. क्लेमॅटिसच्या जाती आणि वाण अक्षरशः शेकड्यांनी आहेत, पण बागेतल्या क्लेमॅटिसचा इतिहास जिच्यापासून दोन भागांत पडतो ती ही. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या वोकिंगला जॅकमन घराण्याची रोपवाटिका होती. तिथे 1858 साली जॉर्ज जॅकमन यांनी संकर केला. एका बाजूला चीनमधली लानुगिनोसा; रॉबर्ट फॉर्च्यून यांनी ती 1850 मध्ये इंग्लंडला आणली होती. दुसऱ्या बाजूला दक्षिण युरोपातली विटिसेला, जी इंग्रजी बागांत सोळाव्या शतकापासून रुळलेली होती. 1862 मध्ये रोपं फुलली आणि 1863 मध्ये केन्सिंग्टनला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जॅकमनायला पहिल्या दर्जाचं प्रमाणपत्र दिलं.

आईबापांचे गुण लेकीत शोधायचे तर फुलाचा थोरला आकार लानुगिनोसाचा. तिचं फूल मोठं, फिकट निळसर, पण फुलं एका वेळी थोडीच यायची. विटिसेलाचं फूल छोटं आणि मान खाली घातलेलं. ती फुलायची मात्र अंगभर, त्याच वर्षीच्या कोवळ्या फांदीवर, ऐन उन्हाळ्यात. जॅकमनायने दोघींकडचं नेमकं उचललं. फूल तळहाताएवढं, बहर विटिसेलाचा, आणि मान मधोमध: आकाशाकडे वळलेली नाही, जमिनीकडे झुकलेली नाही, समोरच्या माणसाकडे आडवं तोंड केलेली. भिंतीवरच्या वेलीला याहून योग्य ठेवण कोणती?

आता रंग. पहिल्या दिवशीच्या फुलात गर्द जांभळ्याखाली लालसर झाक असते, निदलांच्या मधल्या शिरांजवळ ती जास्त जाणवते. दिवस जातात तशी ती झाक ओसरते आणि निळी वर येते. वेलीवर एकाच वेळी आजची, चार दिवसांपूर्वीची आणि गळायला आलेली फुलं असतात, त्यामुळे सबंध वेल धूपछाव पैठणीसारखी दिसते. सकाळच्या कोवळ्या उन्हात लाल पुढे येतो, ढगाळ दुपारी निळा. इंग्लंडातल्या मवाळ, तिरप्या प्रकाशात हा रंग जितका बोलतो तितका तो रखरखीत उन्हात बोलेल असं मला वाटत नाही. मधले पुंकेसर फिकट, हिरवट पांढरे. ते सोनेरी असते तर फुलाचं सगळं लक्ष मध्याकडे गेलं असतं. ‘वॉर्सॉव्स्का निके’ या पोलिश वाणात तसं होतं. वॉर्सॉच्या मठातल्या बागेत आयुष्यभर क्लेमॅटिसचे संकर करणाऱ्या जेझुइट ब्रदर स्तेफान फ्रान्चाक यांचं ते फूल. मखमली, भारदस्त, पण त्यातले पिवळे केसर नजरेला आतच रोखून धरतात. जॅकमनायमध्ये नजर निदलांवरून कडेकडे सरकत राहते.

कडांनाही महत्त्व आहे. कळीत ही निदलं एकमेकींवर चढत नाहीत, कडेला कड लावून बसतात. उमलल्यावर त्यांच्या मध्ये फट राहते आणि त्या फटीतून मागचं हिरवं पान किंवा विटांची भिंत दिसते. ‘जॅकमनाय सुपर्बा’ म्हणून जो वाण मिळतो त्याची निदलं रुंद, फूल जास्त भरलेलं. रोपवाटिकांत बऱ्याचदा तोच नुसत्या जॅकमनायच्या नावाने विकला जातो. दुरून तो जास्त उठून दिसतो हे खरं, तरी मला मूळचीच पसंत. फट बुजली की फुलाचा हलकेपणा जातो.

वेल चढते कशी, हे बघायचं तर जूनमध्ये एखाद्या बारीक तारेपाशी बसावं. दोडक्याच्या किंवा द्राक्षाच्या वेलीला ताणे असतात, क्लेमॅटिसला नाहीत. पानाचा लांब देठच तारेला टेकतो, वळतो, एक वेढा घेतो. चार्ल्स डार्विन यांनी आरोही वनस्पतींवरच्या आपल्या पुस्तकात क्लेमॅटिसच्या अनेक जाती तपासल्या आहेत. देठाला दोऱ्याची हलकी कडी अडकवून तो स्पर्शाने वळतो का, हेही त्यांनी पाहिलं. एकदा आधार धरलेला देठ पुढे जाड आणि कडक होतो. हिवाळ्यात पानाचं पातं झडतं, तरी तो तारेला तसाच धरून राहतो.

म्हणजे आधार किती जाड असावा हे देठाची लांबी ठरवते. पेन्सिलीपेक्षा फारसा जाड खांब त्याला कवेत घेता येत नाही. अनेक जण हौसेने जाड लाकडी जाळी भिंतीला ठोकतात आणि वेल सारखी खाली घसरते म्हणून तिलाच दोष देतात. बारीक तारा ओढाव्यात, किंवा सरळ एखादा वेलगुलाब द्यावा. फिकट गुलाबी ‘न्यू डॉन’मधून चढलेली जॅकमनाय मला एकटीपेक्षा जास्त आवडते. गुलाबाकडे टणक फांद्या आहेत, तिच्याकडे नाहीत. तिच्याकडे जांभळा आहे, गुलाबाच्या घराण्यात तो तसा सापडत नाही. केंट परगण्यात सिसिंगहर्स्टच्या गुलाबबागेत अर्धगोल भिंतीवर फ्रेंच ‘पेर्ल दाझ्यूर’ चढवलेली आहे. जॅकमनायच्याच गटातला हा आकाशी वाण. क्लेमॅटिस आणि गुलाब एकमेकांना कसे पूरक ठरतात, हे समजून घ्यायला ती भिंत पुरेशी आहे.

छाटणीचं कोडंही बहर कुठे येतो हे पाहिलं की सुटतं. जॅकमनाय चालू वर्षीच्या फांदीवर फुलते. तेव्हा फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला, जमिनीपासून साधारण 30 सेंटिमीटरवर, सगळ्या फांद्या कापून टाकायच्या. पानं समोरासमोर येतात, म्हणून डोळेही जोडीने असतात. अशी एक टपोरी जोडी बघून तिच्या लगेच वर सरळ काप घ्यायचा. जिवंत, डोळे फुटू लागलेली फांदी कापताना हात अडतो. पण न कापलेल्या वेलीच्या खाली वाळक्या काड्यांचा गुंता उरतो आणि फुलं सगळी शेंड्याला, शेजाऱ्याच्या छपरावर. याच्या नेमकं उलट आपल्या हिमालयातली मोंटाना. ती 1831 मध्ये लेडी अ‍ॅम्हर्स्ट यांच्यामार्फत ब्रिटनला गेली. ती मे महिन्यात, गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. तिला फेब्रुवारीत कात्री लावली तर त्या वर्षीचा बहर कात्रीबरोबरच गेला. तिला छाटायचंच तर फुलं संपल्यावर.

मुळांना थंडावा हवा, शेंडा उन्हात हवा, हे इंग्लंडातला प्रत्येक माळी सांगतो. माझा अनुभव असा की खरी गरज ओलाव्याची आहे, सावली त्यासाठी. भिंतीच्या अगदी पायथ्याशी पाऊस पोचत नाही, म्हणून खड्डा भिंतीपासून हात-दीड हात लांब घ्यावा, भरपूर कुजलेलं खत घालावं आणि रोप तिरकं करून भिंतीकडे न्यावं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रोप कुंडीत होतं त्यापेक्षा पाच ते आठ सेंटिमीटर खोल लावावं.

या खोलीमागे एक दुखरा इतिहास आहे. 1872 मध्ये जॅकमन यांनी टॉमस मूर यांच्याबरोबर क्लेमॅटिसवर पुस्तक लिहिलं. तेव्हा या वेलीचं वेड शिगेला पोचलेलं होतं. पुढच्या काही दशकांत मर रोग पसरला. संध्याकाळी टवटवीत असलेली वेल सकाळी काळवंडून माना टाकायची. माळ्यांचा धीर सुटला आणि मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसची लोकप्रियता ओसरली. आज आपल्याला ठाऊक आहे की हे एका बुरशीचं काम. ती जमिनीवरच्या फांदीवर हल्ला करते, मुळं सहसा वाचतात. म्हणून फांदीचे एक-दोन पेरे मातीखाली असले तर वर सगळं गेलं तरी खालून पुन्हा धुमारे येतात. मर लागलेली फांदी दिसताच निरोगी भागापर्यंत कापावी, कापलेलं जाळावं, आणि मुळं उपटून टाकायची घाई करू नये. हातमोजे घालावेत, क्लेमॅटिसचा रस कातडीला झोंबतो. विटिसेलाचं रक्त असलेले वाण या रोगापुढे बरेच टिकतात. बाग नवी असेल तर त्यांच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं.

तिसऱ्या कामाचं, पंखांचं, कौतुक करायला मी जॅकमनाय सोडून दुसऱ्या वेलींकडे जाते. पिवळ्या घंटांच्या टांगुटिकामध्ये किंवा इंग्लंडच्या रानटी विटाल्बामध्ये ते पाहावं. निदलं गळाली की प्रत्येक बीजफळाची शेपटी लांबते, तिच्यावर रुपेरी केस येतात आणि हिवाळ्यात सबंध कुंपण त्या झुपक्यांनी भरतं. सह्याद्रीतल्या मराठी माणसाला हे दृश्य परकं नाही. पावसाळा सरला की घाटवाटांच्या कडेला मोरवेल आणि रानजाई बारीक पांढऱ्या फुलांनी झाडोरा झाकतात आणि पुढे त्याच फुलांचे पिसासारखे झुपके होतात. त्याही क्लेमॅटिसच.

म्हणून पुण्या-नाशिकच्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. चित्रं पाहून जॅकमनायची रोपं मागवू नका. तिला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, आपला एप्रिल तिला सोसत नाही. फुलं बघायची तर दिवाळीनंतर घाटात मोरवेल शोधा, फूल उलटं करा, देठाचा वेढा बघा, आणि वेल न उपटता परत या. ब्रिटनमध्ये किंवा युरोपात थंड प्रदेशात ज्यांचं घर आहे, त्यांनी मात्र यंदा एक तरी लावावी: विटिसेलाच्या रक्ताची, खोल, बारीक तारेजवळ.