केऑसची गोष्ट कुठून सुरू करावी?

जेम्स ग्लीक यांचे ‘केऑस’ (१९८७) हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आले असेल. ते रंजक आहे, आणि गणित ही आजही घडत असलेली गोष्ट आहे हे त्यातून नेमके जाणवते. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या सुरुवातीवर. पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडते ते एडवर्ड लोरेन्झ यांच्या संगणकावरील हवामानापासून. त्यामुळे संगणक आला म्हणून केऑस सापडला, असा समज होतो.

मेरी कार्टराइट (१९००–१९९८) यांचे काम पाहिले की हा समज टिकत नाही. ऑक्सफर्डची पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले आणि १९२८ साली त्या संशोधनाकडे वळल्या. १९३८ साली ब्रिटिश सरकारच्या रेडिओ संशोधन मंडळाने गणितज्ञांकडे मदत मागितली. रेडिओच्या मंडलांत येणारी अरेषीय अवकल समीकरणे अभियंत्यांना सुटत नव्हती. कार्टराइट यांनी लिटलवुड यांच्यासह व्हॅन डेर पोल समीकरण हाती घेतले.

लहान झोके घेणाऱ्या लंबकाला ठरावीक तालाने ढकलत राहिले, तर सुरुवात कशीही असो, घर्षणामुळे तो शेवटी त्याच तालावर हलतो. येथे तसे घडत नाही. बाहेरचा ताल तोच असूनही सुरुवातीप्रमाणे दोन निरनिराळ्या आवर्तनकालांच्या गती मिळू शकतात आणि त्यांच्या सीमेवर अतिशय गुंतागुंतीच्या गती आढळतात. हे निष्कर्ष १९४५ साली छापले गेले, तेही संगणकाविना.

लोरेन्झ यांचा लेख १९६३ सालचा. त्यांचे श्रेय यामुळे कमी होत नाही, कारण त्यांच्या समीकरणांत अनियमित गतीच कायम टिकते. पण धागा जुना आहे. नॉर्मन लेव्हिन्सन यांनी १९४९ साली कार्टराइट-लिटलवुड यांचे काम सोपे करून मांडले. पुढे त्यांच्याच पत्रामुळे स्टीव्हन स्मेल यांना आपले अनुमान सोडावे लागले आणि त्यातून ‘घोड्याचा नाल’ ही प्रसिद्ध रचना निघाली.

कार्टराइट १९६१ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. म्हणजे त्या काही अज्ञात नव्हत्या. त्यांच्या निबंधांत डोळ्यांना भुलवणारे चित्र नव्हते, इतकेच.

ग्लीक यांचे पुस्तक विद्यार्थ्यांना जरूर द्यावे, पण आधी एक तास कार्टराइट यांच्यासाठी ठेवावा. नाहीतर ज्या शाळेत संगणक नाही, तिथली मुलगी हे गणित आपले नव्हेच असे समजून पुस्तक मिटेल.