'हरिश्चंद्राची फॅक्टरी'च्या निमित्ताने

परेश मोकाशी दिग्दर्शित 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट २९ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्याला आता दीड दशक उलटून गेले आहे. त्या वेळी त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. दादासाहेब फाळके यांनी पहिला भारतीय कथापट कसा तयार केला, याची हसतखेळत सांगितलेली गोष्ट म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र या चित्रपटाची एक बाजू आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते, आणि तिच्याकडे समीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. कमी पैशांत, कोणा मोठ्या संस्थेच्या पाठबळाविना काढलेला चित्रपट लोकांपर्यंत नेणे, हा तो विषय होय.

निर्मिती आणि वितरण यांतील अंतर आमच्या उत्तन, पाली, चौक येथील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. होडी किनाऱ्याला लागली म्हणजे मासळी विकली गेली, असे कोणी कोळी म्हणणार नाही. बर्फ हवा, टेम्पो हवा, बाजारात जागा हवी, आणि हे सारे वेळेत हवे. चित्रपटाचेही तसेच आहे. शुक्रवारी लागलेला चित्रपट रविवारपर्यंत चालला नाही, तर पुढच्या शुक्रवारी त्याची जागा दुसरा घेतो. त्याचे मोल त्या तीन दिवसांत ठरते. त्याच्या गुणांचा विचार पुढे कोणी करीत नाही.

आता चित्रपटाकडे वळू. नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके हे या कलाकृतीचे बलस्थान आहे. भव्य पुतळ्याला त्यांनी माणसात आणले. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई तर आम्हांला अधिकच भावल्या. घरातील सामान विकले जात असताना ही स्त्री हुंदके देत बसत नाही, पदर खोचून कामाला लागते. हे इतिहासाला धरूनच आहे. फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून सर्व मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत तिने काय केले नाही? घर हाच कारखाना, ही शीर्षकातील कल्पना दिग्दर्शकाने नेमकेपणाने पडद्यावर आणली आहे. स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून साळुंके नावाच्या तरुणास तारामती करण्याचा प्रसंगही असाच बोलका आहे.

पण हीच हलकीफुलकी शैली उत्तरार्धात चित्रपटाची मर्यादा ठरते. कर्ज हा विनोदाचा विषय होतो. चित्रपट तयार झाला की यश जणू आपोआप चालत येते, आणि कथा कीर्तीच्या शिखरावर थांबते. वस्तुस्थिती इतकी सोपी नव्हती. फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडन गाठले, कॅमेरा आणला, आणि सुमारे ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' सिद्ध केला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसाठी लागला. तेव्हाही तो एकटा लागला नाही. त्याच्या जोडीला नृत्य, विनोदी नकला आणि कसरतीचे खेळ होते. निर्मात्याला आपल्या कलाकृतीवर कितीही विश्वास असला, तरी प्रेक्षक ज्या गोष्टींना सरावला आहे त्यांच्या सोबतीने नवी गोष्ट त्याच्यापुढे ठेवावी लागते, हे फाळके जाणून होते.

त्यांची खरी कसोटी मुंबईबाहेर लागली. रात्र रात्र नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला पाऊण तासाच्या खेळासाठी तीन आणे जास्त वाटणे स्वाभाविक होते. यावर फाळके यांनी केलेली म्हणून एक जाहिरात प्रसिद्ध आहे. खेळ किती वेळ चालतो हे तीत नाहीच. सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, असा तिचा आशय होता. वेळेने मोजले तर खेळ तोकडा, चित्रांनी मोजले तर अफाट! गिऱ्हाइकाच्या हातातील मापच बदलून टाकण्याची ही युक्ती आजच्या कोणत्याही जाहिरातदाराने शिकावी अशी आहे.

येथे धर्मगुरू या नात्याने आम्ही एक हिशेब मांडतो. एका फुटात सोळा चित्रे धरली, तर ३,७०० फुटांत सत्तावन्न हजारांहून थोडी अधिकच भरतात. म्हणजे ती संख्या खरी होती. मैल मात्र खरे नव्हते; ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. लहान निर्मात्याला ओरडून सांगावे लागते हे आम्हांला मान्य आहे. पण ओरडणे वेगळे आणि फुगवणे वेगळे. फाळके यांच्या जाहिरातीतील जो भाग खरा होता तोच अधिक कल्पक होता. खोट्याची त्यांना गरजच नव्हती. आपल्या चित्रपटाने पाहण्याआधीच इतिहास घडवला असे सांगणाऱ्या आजच्या फलकांनी एवढे ध्यानात घ्यावे.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या वाचकांच्या जवळची आहे. फाळके यांना ही दिशा दाखवली ती प्रभू येशूच्या जीवनावरील एका परदेशी मूकपटाने. गिरगावातील अमेरिका-इंडिया या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी तो पाहिला. कोणी ते नाताळचे दिवस सांगतात, कोणी ईस्टरचे. तो पाहताना आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर पाहण्याची आस त्यांना लागली, असे त्यांनी स्वतःच १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिले आहे. ज्यांनी तो मूकपट बनवला, त्यांच्या मनात गिरगावातील एका हिंदू मुद्रणतज्ज्ञाचा विचार स्वप्नातही आला नसेल. तरीही समुद्र ओलांडून तो त्याच्यापर्यंत पोहोचला आणि त्यातून एका देशाचा चित्रपट जन्मला. आमच्या मते वितरणाचा खरा अर्थ हा आहे. कलाकृतीने अशा माणसापर्यंत जावे की ज्याची तिच्या कर्त्याला कल्पनाही नव्हती. बाजाराचे गणित मात्र केवळ ओळखीच्या गर्दीचे असते. कोण येणार हे आधीच ठाऊक असेल, तरच ते दार उघडते.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चा स्वतःचा प्रवास याचीच साक्ष देतो. मोकाशी यांनी निर्मितीसाठी मालमत्ता गहाण ठेवली. सप्टेंबर २००९ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी चित्रपटाची निवड झाली. त्यानंतर यूटीव्हीसारख्या मोठ्या कंपनीच्या हातून तो चित्रपटगृहांत पोहोचला. म्हणजे गौरव आधी आणि गावचा पडदा नंतर! संदीप सावंत यांच्या 'श्वास'ची कथाही निराळी नाही. 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवून देणारा हा चित्रपट २००४ साली ऑस्करकडे निघाला, तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, शाळकरी मुलांनी हातभार लावला, शासनानेही मदत केली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दोन पारितोषिके मिळवली, पुढे सुवर्णकमळ मिळवले, आणि १७ एप्रिल २०१५ रोजी तो आपल्याकडे प्रदर्शित झाला.

या तिन्ही उदाहरणांचा आम्हांला अभिमान वाटतो, परंतु त्यांतून एक अस्वस्थ करणारा प्रश्नही उभा राहतो. ज्या चांगल्या चित्रपटाला पारितोषिक मिळाले नाही, त्याचे काय झाले? परक्यांनी शिक्का मारल्याखेरीज आपण आपल्या भाषेतील कलाकृतीकडे वळत नसू, तर दोष एकट्या वितरकाचा कसा म्हणावा?

व्यवस्थेचा दोष आहे, हेही तितकेच खरे. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सचे मालक यांच्यात दोन महिने संघर्ष झाला आणि वाट्याचे सूत्र ठरले. निव्वळ उत्पन्नातून निर्माता-वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. वरवर हे सर्वांना सारखे आहे. पण ज्याच्याजवळ जाहिरातीला कोट्यवधी आहेत, त्याचा प्रेक्षक पहिल्याच आठवड्यात येतो. लहान चित्रपटाचा प्रेक्षक शेजाऱ्याने सांगितल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येऊ लागतो. तोवर चित्रपट टिकलाच, तर निर्मात्याचा वाटा उतरलेला असतो. एकाच मापाने मोजूनही अन्याय होऊ शकतो, तो असा.

शासनाने काही उपाय केले. अनुदान आहे. 'कोर्ट' प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, एप्रिल २०१५ मध्ये, मल्टिप्लेक्सनी मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवावा असा आदेश निघाला. वाद होताच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. पडद्यासाठीचे हे भांडण जुनेच आहे. १९७१ साली दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळावी म्हणून आंदोलन झाले होते. मात्र आदेशाने पडदा मिळतो, खुर्च्या भरत नाहीत. रिकाम्या सभागृहाचे वीजबिल मालकालाच भरावे लागते, हेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजे.

मग मार्ग कोणता? श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'चे उदाहरण आम्हांला उद्बोधक वाटते. १९७६ सालच्या या चित्रपटासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, आणि तो प्रदर्शित झाल्यावर आपलाच चित्रपट म्हणून गावोगावचे शेतकरी तो पाहायला लोटले. ज्यांनी पैसा घातला तेच प्रेक्षक झाले. निर्मितीतच वितरणाची सोय झाली. सहकारी सोसायट्या आणि पतपेढ्या चालवणाऱ्या आमच्या समाजाला यात अनोळखी असे काहीच नाही.

मिरा-भाईंदरमध्ये आज मल्टिप्लेक्स आहेत आणि मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत, परंतु ही दोन टोके क्वचितच एकत्र येतात. चांगला मराठी चित्रपट लागला, तर 'नंतर पाहू' असे म्हणू नये. पहिल्या शनिवार-रविवारी जावे. दहा-वीस कुटुंबांनी मिळून जावे. धर्मग्रामातील युवक आणि साहित्यप्रेमी मंडळींना हे कठीण नाही. गावच्या सणाला नाटक बसवणाऱ्यांना प्रेक्षक कसा जमवावा हे शिकवावे लागत नाही. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट सभागृहात दाखवायचा असेल, तर हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी आणि त्याचे शुल्क द्यावे. पेनड्राइव्हवर फिरणारी चोरटी प्रत पाहून वर 'मराठी चित्रपट चालत नाहीत' म्हणून हळहळणे हा दुटप्पीपणा आहे. मोठ्या निर्मात्याच्या ताटातील घास गेला तर त्याला जाणवणार नाही. घर गहाण टाकणाऱ्याचा मात्र तो संसार असतो.

एक सावधगिरीचा शब्द. कमी खर्च हा काही गुण नव्हे, आणि दया म्हणून चित्रपट पाहणे हा कलेचा सन्मान नव्हे. कंटाळवाणे ते कंटाळवाणेच म्हणावे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला आम्ही उत्तम म्हणतो ते त्यातील विनोद, गती आणि अभिनय यांमुळे. मोकाशी यांनी सोसलेल्या कष्टांमुळे नव्हे. आमची अपेक्षा इतकीच की नाकारायचे असेल तर पाहून नाकारावे.

आता नवा पडदा घराघरांत आला आहे. ताम्हाणे यांचा दुसरा चित्रपट 'द डिसायपल' ३० एप्रिल २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आला आणि एकाच दिवशी जगभर उपलब्ध झाला. ही सोय मोठी आहे. तथापि हजारो चित्रांच्या त्या कोठारात अमुक एक पाहा असे सांगणारे कोणी तरी लागतेच. दिवा मापाखाली ठेवू नये हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; दिव्यांच्या गर्दीतही एखादा दिवा दिसेनासा होतो, हे आपल्या काळाने दाखवले आहे. फाळके यांच्या वेळी जे काम जाहिरातीने केले, ते आज शेजाऱ्याच्या शब्दाला करावे लागेल. ज्यांनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिलेला नाही, त्यांनी तो रीतसर मिळवून कुटुंबासह पाहावा, आणि आवडल्यास चार घरी सांगावे.