चाळीसगावचा टांगा आणि चित्रांचे पुस्तक

चित्रांचे पुस्तक म्हणजे लहान मुलांचा विरंगुळा, अशी आपल्याकडील शिकलेल्यांची समजूत आहे. ‘भीमायन’च्या निमित्ताने ती तपासून पाहिली पाहिजे.

श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे लेखन आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रे असलेले हे इंग्रजी पुस्तक ‘नवयान’ने २०११ साली काढले. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेले अनुभव हा त्याचा आधार. त्यांपैकी एक आपल्या खानदेशातला आहे. १९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब धुळ्याला चौकशीसाठी गेले होते. परतताना लोकांच्या आग्रहाखातर ते चाळीसगावला उतरले. स्पृश्य टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. एकाने टांगा तेवढा दिला. हाकायला बसला महारवाड्यातलाच, टांगा हाकण्याची सवय नसलेला माणूस. नदीच्या फरशीवर अपघात झाला. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

व्यामांनी ही हकीकत ‘अमर चित्र कथे’सारख्या ठरीव चौकटींत कोंडलेली नाही. त्यांच्या पानांवर सौम्य बोल पक्ष्याच्या आकारात येतात, विषारी बोलांना विंचवाची नांगी असते. घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि पाठ्यपुस्तकी मराठीपुढे बिचकणाऱ्या आपल्या वस्तीतल्या पोराला ती नांगी समजावून सांगावी लागत नाही. तिचा डंख त्याच्या आजाने सोसलेला आहे.

मात्र एवढ्यावर थांबता येणार नाही. या प्रसंगात दोन गोष्टी आहेत. पोटापुरते कमावणारा टांगेवालाही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजतो, ही पहिली. आपल्याच माणसांनी पाहुण्याची प्रतिष्ठा जपताना त्याचा जीव धोक्यात घातला, ही दुसरी. बाबासाहेबांनी तीही लपविलेली नाही. पहिलीने मुलाला राग येतो. दुसरी त्याला स्वतःकडे पाहायला लावते. चित्रे चाळून ती सहसा हाती लागत नाही. त्यासाठी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापलेला मूळ मजकूर शिक्षकाने शेजारी ठेवला पाहिजे आणि इंग्रजीची अडचण अहिराणीतून सांगून दूर केली पाहिजे.

जळगाव-धुळ्याच्या शाळांनी, गावोगावच्या ‘ड’ वर्ग वाचनालयांनी हे पुस्तक घ्यावे. पण कुलूपबंद कपाटात ठेवू नये. भिंतीवरच्या तसबिरीला जयंतीला हार घालणारी आपली मुले रोज चाळीसगाव स्टेशनावरून जातात. तिथे काय घडले, हे त्यांना कोणी सांगायचे?