खोक्यावरचे आकडे

परीक्षणासाठी सहसा पुस्तक निवडले जाते. आम्ही येथे जो मजकूर निवडला आहे त्याला पुस्तकाची प्रतिष्ठा नाही, वाचक मात्र पुष्कळ आहेत. संगणकाच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर आणि सोबतच्या माहितीपत्रकांत जे छापलेले असते, तो हा मजकूर. खेळांसाठी वेगवान संगणक हवा असलेला अकरावी-बारावीचा विद्यार्थी आज तयार संगणक घेण्याऐवजी प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एस.एम.पी.एस. आणि कॅबिनेट वेगवेगळे घेऊन ते जुळवू पाहतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर याला 'असेंबल करणे' म्हणतात. त्यासाठी घरातून मिळालेली रक्कम लहान नसते आणि ती दुसऱ्यांदा मिळत नाही. "सर, हा प्रोसेसर या बोर्डाला चालेल का?" असा प्रश्न मग विज्ञानाच्या शिक्षकाकडे येतो. शिक्षकाजवळही वाचायला तेच खोके असते. तेव्हा हा मजकूर खरे सांगतो का, आणि पुरेसे सांगतो का, हे तपासणे भाग आहे.

प्रथम श्रेय द्यायला हवे. एका कंपनीचा प्रोसेसर, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचे कार्ड एकत्र चालावे, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. पण मोटारीच्या किंवा धुलाई-यंत्राच्या बाबतीत तसे घडलेले नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मंडलांच्या आकृत्या तांत्रिक पुस्तिकेत छापून सर्वांना उपलब्ध केल्या. इतरांना त्यात बसणारी कार्डे बनवता आली ती त्यामुळे. इंटेलने १९९५ मध्ये 'ए.टी.एक्स.' हे मानक जाहीर केले. त्याप्रमाणे बनवलेला पूर्ण आकाराचा बोर्ड ३०५ मि.मी. लांब व २४४ मि.मी. रुंद असतो आणि त्याच्या स्क्रूंची भोके ठरलेल्या जागीच असतात. आज घेतलेल्या कॅबिनेटमध्ये वीस वर्षांपूर्वीचा बोर्ड बसतो. हे यश लहान नव्हे.

या मानकांतील सर्वांत चांगली कल्पना म्हणजे खाच. डी.डी.आर.४ आणि डी.डी.आर.५ या दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्यांना २८८ संपर्क असतात आणि त्या दिसायलाही सारख्याच. पण पहिलीला १.२ व्होल्ट लागतात तर दुसरीला १.१, आणि दोन्हींची अंतर्गत जुळणीही वेगळी. म्हणून पट्टीच्या कडेवरील खाच दोन्हींत वेगळ्या जागी ठेवलेली आहे. चुकीची पट्टी आत जातच नाही. प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल यांत १२ व्होल्टच्या व भूमीच्या तारा उलटसुलट बाजूंना असतात. तेथेही पिनांभोवतीच्या घरांपैकी काही चौकोनी व काही कोपरे कापलेली ठेवून अदलाबदल रोखली आहे. वाचता न येणाऱ्यालाही समजेल अशी ही भाषा आहे. शाळेत तीन पिनांच्या प्लगमधील भूमीची पिन लांब व जाड का असते हे आपण शिकवतो, त्याच वर्गात हे उदाहरण शोभेल.

आमची तक्रार येथून पुढे सुरू होते. खाचेने एकदा विश्वास बसवला, की 'बसते म्हणजे चालते' असे माणूस धरून चालतो. आणि खोक्यावरचा मजकूर हा समज दूर करण्याची तसदी घेत नाही.

इंटेलचे 'एल.जी.ए. ११५१' हे सॉकेट पाहा. नावातील आकडा संपर्कांची संख्या सांगतो. २०१५ पासून सहाव्या आणि पुढे सातव्या पिढीचे प्रोसेसर त्यात बसत. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली. सॉकेट तेच, संपर्क ११५१, खाचाही त्याच जागी. प्रोसेसर जुन्या बोर्डात अलगद बसे आणि संगणक सुरू होत नसे; कारण पूर्वी राखून ठेवलेले काही संपर्क आता वीजपुरवठ्यासाठी वापरले होते. बदलाला तांत्रिक कारण असेलही. पण मग खाच का हलवली नाही? रॅमच्या पट्टीत जे कटाक्षाने केले, ते याहून कितीतरी महाग भागात करायचे राहिले, आणि नावही तेच ठेवले.

ए.एम.डी.चा 'ए.एम.४' सॉकेट याच्या दुसऱ्या टोकाला आहे. २०१७ ते २०२२ या काळात आलेल्या अनेक पिढ्यांचे प्रोसेसर त्यात चालले. ग्राहकाचे यात हित झाले हे मान्य. मात्र येथे अडचण पिनांची नव्हती, बोर्डावरील बायोस नावाच्या आज्ञावलीची होती. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखू येत नाही. बायोस अद्ययावत करायचा तर संगणक सुरू व्हावा लागतो. आणि तो सुरू करण्यासाठी बायोसला ओळखता येणारा प्रोसेसर लागतो. २०१८ मध्ये अशा पेचात सापडलेल्या ग्राहकांना कंपनीने तात्पुरता वापरायला जुना प्रोसेसर पाठवण्याची सोय केली होती. पुढे कित्येक बोर्डांवर प्रोसेसर न बसवताच बायोस भरण्याचे बटण आले. विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगू, की बोर्डाच्या पानावरील चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडावी आणि त्यात प्रोसेसरच्या नावासमोर बायोसची कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे. खोक्यावर फक्त सॉकेटचे नाव असते.

याहून वाईट प्रकार एस.एम.पी.एस.च्या सुट्या केबलींचा. या केबलींचे संगणकाकडील टोक मानकाने ठरवलेले आहे; एस.एम.पी.एस.कडील टोक ठरवलेले नाही. परिणामी दोन कंपन्यांच्या केबली दिसायला सारख्या, घट्ट बसणाऱ्या, पण आत तारांचा क्रम निराळा असे होऊ शकते. जुन्या एस.एम.पी.एस.ची केबल नव्याला लावली आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, तर हार्ड डिस्क क्षणात जळते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही क्रम वेगळा असू शकतो. माहितीपत्रकात याची सूचना असलीच, तर ती बारीक अक्षरांत असते. आमच्या मते ती केबलीवरच छापायला हवी.

आता ज्या उदाहरणासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येऊ. खेळातील चित्र ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे असेल, तर एका चित्रात सुमारे ८३ लाख बिंदू होतात. सेकंदाला साठ चित्रे म्हटली तर जवळजवळ ५० कोटी बिंदूंचे रंग दर सेकंदाला ठरवायचे. हे काम ग्राफिक्स कार्ड करते, आणि म्हणून विजेचा सर्वांत मोठा वाटाही तेच घेते. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट घ्यायची मुभा होती. १२ व्होल्टला १५० वॅट म्हणजे १२.५ अँपिअर, ते तीन पिनांत विभागले तर प्रत्येकी सुमारे ४.२. पिनेची क्षमता याच्या दुपटीच्या आसपास असे. जोडणी थोडी सैल राहिली तरी निभावून जाई.

२०२२ मध्ये याच्या जागी सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला. त्यातील बारा पिना विजेच्या आणि चार लहान पिना संकेतांच्या. एकट्या या कनेक्टरमधून ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर. ते सहा पिनांत विभागले तर प्रत्येकी ८.३ अँपिअर, आणि पिनेची क्षमता नऊ-साडेनऊच्या घरात. शिवाय पिना पूर्वीपेक्षा बारीक व जवळजवळ. दुपटीच्या जागी जेमतेम दहा-पंधरा टक्के सवड उरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये एन्व्हिडियाचे ४५० वॅटचे 'आर.टी.एक्स. ४०९०' हे कार्ड आले, आणि त्याच महिन्यात कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. केबल पूर्ण आत न बसवणे हे त्याचे प्रमुख कारण दिसते, असे कंपनीने नोव्हेंबरमध्ये सांगितले.

येथे थोडे गणित करू. दहावीच्या पुस्तकातले समांतर जोडणीचे नियम त्यास पुरेत. समजा, ४८ अँपिअर विद्युतधारा सहा समांतर मार्गांनी जात आहे आणि प्रत्येकाचा रोध सारखाच, 'र' आहे. प्रत्येक मार्गात ८ अँपिअर जातील आणि उष्णता धारेच्या वर्गाला रोधाने गुणून मिळेल, म्हणजे ६४ र. आता कनेक्टर तिरका बसल्यामुळे चार मार्गांचा रोध तिप्पट झाला असे धरा. धारा रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते. म्हणून त्या चार मार्गांतून प्रत्येकी ४.८ अँपिअर जातील, आणि जे दोन मार्ग नीट राहिले त्यांच्यातून प्रत्येकी १४.४. सैल मार्गातील उष्णता सुमारे ६९ र होते, म्हणजे फारशी वाढत नाही. नीट बसलेल्या मार्गातील उष्णता मात्र २०७ र, मूळच्या सव्वातीन पट. वितळेल ती चांगली बसलेली पिन! विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला सांगावा. बहुतेक जण उलट उत्तर देतील. आकडे आम्ही कल्पिलेले आहेत, पण वाटणीचा नियम कल्पित नाही. असे असमान वाटप होत आहे हे कार्डाला कळण्याची सोयही असावी लागते. सहाही तारा कार्डावर एकत्र जोडून टाकल्या, तर कार्डाला फक्त बेरीज दिसते आणि बेरीज बरोबरच असते.

तेव्हा 'पूर्ण आत बसवले नाही' हा खुलासा खोटा नाही, अपुरा आहे. २०२३ मध्ये याच कनेक्टरची सुधारित आवृत्ती निघाली. तीत संकेताच्या पिना आखूड व विजेच्या पिना किंचित लांब केल्या, जेणेकरून कनेक्टर पूर्ण बसल्याखेरीज कार्डाला वीज मिळूच नये. हातांत दोष होता म्हणावे, तर पिनांची लांबी कशाला बदलली? जी खबरदारी खाचेच्या रूपाने आधीच घ्यायची, ती वर्षभराने घेतली. विभागणीचा प्रश्न त्याने सुटला नाही. जानेवारी २०२५ मध्ये ५७५ वॅटचे 'आर.टी.एक्स. ५०९०' आले आणि फेब्रुवारीत वितळण्याच्या तक्रारी पुन्हा ऐकू आल्या. कार्डाच्या खोक्यावर मात्र शिफारस केलेल्या एस.एम.पी.एस.चे वॅट ठळक छापलेले असतात. धारा कशी विभागली जाते याबद्दल अक्षर नाही.

वॅट या शब्दाचीही तपासणी करायला हवी. 'टी.डी.पी. १०५ वॅट' असे प्रोसेसरवर वाचले की तो जास्तीत जास्त १०५ वॅट घेईल असे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाटेल. तसे नाही. ए.एम.डी.च्या 'रायझन ७ ७७०० एक्स' या १०५ वॅटच्या प्रोसेसरला सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेण्याची मुभा आहे. इंटेलने अलीकडे दोन आकडे द्यायला सुरुवात केली, हे बरे केले: 'कोअर आय-९ १३९०० के'चे १२५ आणि २५३ वॅट. मूळ आकडा उष्णता वाहून नेणाऱ्या साधनाच्या आखणीसाठी आहे, मोजलेल्या शक्तीचा नाही. एककाचे नाव घेतले म्हणून राशी तीच होत नाही.

शिवाय यात खोलीचे तापमान येते, आणि ते खोक्यावर नसते. समजा हीटसिंक व पंखा मिळून दर वॅटमागे ०.२ अंश वाढ होऊ देतात. २०० वॅटला ४० अंश वाढ. पुण्यात जानेवारीत खोली २५ अंश असेल तर प्रोसेसर ६५ वर राहील. जळगावात मे महिन्यात ४५ अंशांच्या खोलीत तोच ८५ वर जाईल. साधारण ९५ ते १०० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करून घेतो. बंद कॅबिनेटमधील हवा खोलीहूनही गरम, हे आणखी वेगळे.

रॅमबद्दल थोडक्यात. पट्टीवरचा '६०००' हा आकडा मेगाहर्ट्‌झ म्हणून सांगितला जातो. ती सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरणांची दशलक्षांतील संख्या आहे, घड्याळाची वारंवारता ३००० मेगाहर्ट्‌झच असते. वर उल्लेखिलेल्या प्रोसेसरला दोन पट्ट्यांसह अधिकृतपणे ५२०० मान्य आहे, चार पट्ट्या लावल्या तर ३६००. म्हणजे रिकाम्या दोन खाचा भरल्याने वेग कमी होण्याची शक्यता आहे, आणि विकणारा हे सांगेलच असे नाही.

शिक्षकांना एक सुचवू. बंद पडलेल्या एस.एम.पी.एस.वरचे लेबल वर्गात न्यावे. (पेटी उघडू नये, आतील संधारित्रांवर तीनशे व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो.) लेबलावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात व प्रत्येकाखाली कमाल अँपिअर. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून बेरीज काढावी. ती दर्शनी वॅटहून पुष्कळदा जास्त येते, कारण सर्व रकाने एकाच वेळी कमाल धारा देऊ शकत नाहीत. मग फक्त १२ व्होल्टचा रकाना पाहावा. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड त्यावरच चालतात. '८० प्लस' हे कार्यक्षमतेचे चिन्ह असेल तर ते कशाचे हेही विचारावे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते याचे ते माप आहे. पुरवठा किती स्थिर आहे किंवा संरक्षण किती चोख आहे याचे नव्हे, आणि ती चाचणी सुमारे २३ अंशांना होते. शेवटी लेबलावर एक तापमान शोधायला सांगावे, ज्या तापमानाला हे वॅट दिले जातील ते. कोठे ४० अंश लिहिलेले सापडेल, कोठे ५०. पुष्कळ लेबलांवर तो रकानाच नसतो.