उत्तरेकडील बंदरे आणि आपली प्रवासवर्णने

प्रवासवर्णनाचा उगम कुतूहलात असतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अलीकडील काही प्रवासवर्णने वाचताना त्यांचा उगम वेळापत्रकात असावा, अशी शंका मनास चाटून जाते. आपल्याकडील सुखवस्तू कुटुंबे आता नॉर्वेच्या फ्योर्डांकडे आणि बाल्टिक समुद्रावरील पुरातन बंदरांकडे सहलीस जाऊ लागली आहेत. रात्री जहाजावर निजावे, सकाळी नव्या बंदरात जागे व्हावे, दिवसभर नगर पाहावे आणि सायंकाळी भोजनास जहाजावर परतावे, असा ह्या सहलींचा क्रम असतो. त्यांची वर्णने दिवाळी अंकांतून प्रसिद्ध होतात व आवडीने वाचलीही जातात. वाङ्मय ह्या दृष्टीने त्यांची योग्यता काय, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ह्यांतील कोणतेही वर्णन उघडावे. बर्गनची रंगीत लाकडी घरे चित्रातल्यासारखी असतात. गैरांगर फ्योर्डाचे पाणी आरशासारखे असते. टालिनच्या गल्ल्यांत काळ थांबलेला असतो. जहाजावरील न्याहारीत किती पदार्थ होते व शाकाहारी मंडळींची सोय कशी लागली, हेही विस्ताराने येते. ह्यांत असत्य काही नाही. भाषाही बहुधा स्वच्छ असते. उणीव आहे ती निराळीच. त्या घरांतून कोणी राहत असेल, त्या पाण्यावर कोणाचा निर्वाह चालत असेल, ह्याची लेखकास आठवणच होत नाही.

हा आक्षेप मी तटस्थपणे घेत आहे, असे वाचकांनी समजू नये. काही वर्षांपूर्वी मीही सपत्नीक अशा जहाजावर गेलो होतो आणि परत आल्यावर असाच एक लेख लिहिला होता. त्यात आरसाही होता आणि थांबलेला काळही होता. चंद्रपुरास माझ्या वर्गात त्या वेळी भामरागडकडील एक विद्यार्थी होता. त्याने तो लेख वाचला आणि भीत भीत विचारले, "सर, पाणी चढलं की तिथली माणसं दवाखान्याला कुठं जातात?" पावसाळ्यात पर्लकोटेस पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, पाणी पाहिले की त्या मुलास हाच प्रश्न सुचणार. मजपाशी उत्तर नव्हते. तीन तास मी तो फ्योर्ड डोळे भरून पाहिला होता. परंतु तेथे हा प्रश्न संभवतो, हेच मुळी मनात आले नव्हते.

मग मी ग्रंथ धुंडाळू लागलो. हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले, पुढे बर्फ वितळले आणि त्या दऱ्यांत समुद्र शिरला, असा फ्योर्डाचा जन्म आहे. म्हणूनच त्याचे कडे थेट पाण्यात उतरतात. गैरांगरच्या ह्या कड्यांवर माणसे शेती करीत असत. मुले खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवीत, असे सांगतात. त्यांपैकी क्निव्सफ्लो ही वाडी दरड कोसळण्याच्या भयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओस पडली. समोरची स्कागेफ्लो १९१६ साली ओस पडली. जवळच्याच टाफ्योर्ड येथे १९३४ च्या एप्रिलात डोंगराचा कडा पाण्यात कोसळला आणि उसळलेल्या लाटेने चाळीस माणसे नेली. आजही ओकर्नेस येथील डोंगरास पडलेल्या भेगेवर यंत्रांचा अहोरात्र पहारा असतो. तो कडा सुटला तर लाट गैरांगरपर्यंत येईल. ज्या पाण्यास मी आरसा म्हटले, त्याकडे तेथील रहिवासी ह्या दृष्टीने पाहतो. हे कळल्यानंतर त्या दृश्याचे सौंदर्य उणे झाले नाही, उलट त्यास अर्थ आला.

बर्गनच्या धक्क्यावरील त्या घरांचीही हीच कथा. ती हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती. लोफोटेन बेटांकडील मासा मिठावाचून वाऱ्यावर वाळवून तेथे येई आणि त्याच्या मोबदल्यात उत्तरेस धान्य जाई. वखारीतील पुरुषांस विवाहाची मनाई होती. आगीच्या भयाने घरांत विस्तव पेटविण्यासही बंदी असल्यामुळे त्या कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकास व शेकोटीस निराळ्या सामाईक इमारती असत. इतके करूनही १७०२ साली सर्व जळले आणि जुन्याच आराखड्यावर पुन्हा उभे राहिले. त्या चित्रासारख्या घरांतून लोक पिढ्यान्‌पिढ्या काळोखात कुडकुडत राहिले, हे एक वाक्य माझ्या लेखात असते तर तो वाचनीय झाला असता.

येथे कोणी म्हणेल की, आठ तासांच्या मुक्कामात ह्याहून अधिक काय हाती लागणार? ह्या आक्षेपात तथ्य आहे. तथापि तो पुरा नाही. पंडिता रमाबाईंना अमेरिकेत दीर्घ वास्तव्य घडले, हे खरे. परंतु १८८९ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावात 'लोकस्थिती' हा शब्द 'प्रवासवृत्ता'च्या आधी येतो, हे केवळ वास्तव्याचे फळ नव्हे. तेथील लोक राज्य कसे चालवितात, मुलींस कसे शिकवितात, हे विचारण्याच्या निश्चयानेच त्या पाहत होत्या. विष्णुभट गोडसे तर दक्षिणेच्या आशेने निघालेले भिक्षुक. पण सत्तावनच्या धामधुमीत झाशीत सापडले तेव्हा त्यांची नजर सामान्य माणसांच्या हालांवरून ढळली नाही. लेखकास वेळ थोडा मिळाला, ह्याबद्दल आपण त्यास क्षमा करू शकतो. प्रश्नच पडला नाही, ह्याबद्दल क्षमा करणे कठीण आहे.

आम्हा चंद्रपूर-गडचिरोलीकरांस हे विशेष जाणवावयास हवे. कारण इतरांच्या प्रवासवर्णनांत आम्ही स्वतः किनाऱ्यावरचे लोक आहोत. ताडोबास पाहुणे येतात, जिप्सीतून तीन-चार तास हिंडतात, वाघ दिसला अथवा दिसला नाही हे लिहितात आणि नागपूरचे विमान पकडतात. ज्याच्या नावाने ते अरण्य ओळखले जाते तो ताडोबा वाघाशी झुंजताना मेलेला गोंडांचा पुढारी होता, अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे. अभयारण्यासाठी उठविलेल्या गावांतील माणसे आता कोठे आहेत, चंद्रपुरास गोंड राजांनी बांधलेला परकोट का आहे, धानोऱ्याकडील मेंढा गावास २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क कसा मिळाला, ह्यांपैकी त्या वर्णनांत काही नसते. ती वाचून आम्हांस राग येतो. तोच राग गैरांगरच्या एखाद्या रहिवाशास माझा लेख वाचून आला असता, हे मला त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर उमगले. शिवाय हा नुसता रागाचा प्रश्न नव्हे. ज्या मुलखाविषयी वाघाखेरीज काही लिहिले जात नाही, तेथे माणसांच्या गरजांची दखल घ्यावी असे दूरच्या वाचकास का वाटावे?

म्हणून ह्या उन्हाळ्यात उत्तरेस जाणाऱ्या मंडळींस एवढीच विनंती आहे की, जाताना एक तरी प्रश्न बरोबर न्यावा. येथे हिवाळ्यात माणसे काय करतात, हा प्रश्नही पुरेसा आहे. उत्तर न मिळाले तर विचारले कोणास व ते काय म्हणाले, एवढेच लिहावे.

त्या विद्यार्थ्यास मी भामरागडच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यावर लिहावयास सांगितले होते. त्याची पहिली काही पाने परवाच माझ्या हाती आली. पुराचे वर्णन त्यात तिसऱ्या पानावर येते; आरंभ मात्र रस्ता बंद होण्यापूर्वी घरात भरून ठेवावयाच्या तांदूळ, मीठ, तेल आणि तापाच्या गोळ्यांच्या यादीने झाला आहे.