कामगार संघटनेचा पाठिंबा आणि कामगाराचे मत : मुंबईच्या गिरणगावासंदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कामगार संघटना आणि निवडणूक यांच्या परस्परसंबंधांचा विचार करताना आपल्याकडील चर्चेत साधारणतः दोन मते आढळतात. कारखान्यात ज्या संघटनेचा प्रभाव, तिने पुरस्कृत केलेल्या उमेदवारालाच कामगारांची मते मिळतात, असे पहिले मत मानते. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यानंतर मुंबईच्या गिरणी कामगाराने वर्गजाणीव सोडून प्रादेशिक अस्मितेचा आश्रय घेतला, असे दुसरे मत सांगते. वरवर पाहता ही मते परस्परविरोधी आहेत. परंतु संघटनेचे सभासदत्व आणि मतदाराची निष्ठा ही एकच गोष्ट होय, हे दोन्ही मतांचे गृहीतक समान आहे. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. संघटनेचा पाठिंबा हा आदेश नसून आवाहन असते आणि ते कामगाराच्या वस्तीत व घरात स्वीकारले गेले तरच त्याचे मतात रूपांतर होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सभासदयादी आणि मतदारयादी

सभासदत्व हाच मताधिकाराचा आधार असण्याचा एक कालखंड आपल्याकडे होऊन गेला आहे. १९३५ च्या कायद्यान्वये मुंबई प्रांताच्या १७५ सदस्यांच्या विधानसभेत कामगारांसाठी ७ जागा राखून ठेवल्या होत्या. यांपैकी काही मतदारसंघांत नोंदणीकृत कामगार संघटनांचे सभासद हेच मतदार होते. १९४६ मध्ये कॉ. श्रीपाद अमृत डांगे कामगारांच्याच मतदारसंघातून विधानसभेत गेले. या रचनेत संघटनेची नोंदवही हीच जवळजवळ मतदारयादी होती.

प्रौढ मताधिकाराने ही स्थिती पालटली. १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारसंघ प्रादेशिक झाले. चाळीतील गिरणी कामगार, त्याची पत्नी, खाणावळ चालविणारी बाई, वाणी आणि पालिकेच्या शाळेतील शिक्षक हे सर्व एकाच यादीत आले. यांपैकी अनेकांचा कोणत्याही गिरणी संघटनेशी सभासद म्हणून संबंध नव्हता. विशेषतः गिरण्यांतील स्त्री कामगारांची संख्या घटत असताना कामगार वस्तीतील स्त्रियांचे मत मात्र संख्येने पुरुषांच्या मताशी तुल्य झाले. गिरणीच्या फाटकावरील सभा या मतदारांपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

कायद्यानेही हे अंतर ओळखले होते. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यातील कलम १६ नुसार संघटनेला राजकीय कार्यासाठी स्वतंत्र निधी उभारता येत असे. मात्र त्यास वर्गणी देण्याची सक्ती सभासदावर करता येत नसे आणि ती न देणाऱ्याचे हक्कही कमी करता येत नसत. हा कायदा २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता अमलात येईपर्यंत लागू होता. सभासदाची राजकीय संमती त्याच्या सभासदत्वात गृहीत धरता येत नाही, हे तत्त्व या तरतुदीच्या मुळाशी होते.

१९५२ आणि १९५७ : तुलनात्मक विचार

१९५२ मध्ये मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात एका बाजूस समाजवादी पक्ष व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्या युतीचे अशोक मेहता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, तर दुसऱ्या बाजूस कम्युनिस्ट पक्षाचे डांगे होते. तिघांच्याही मागे कष्टकऱ्यांच्या संघटना होत्या. निकालात मात्र दोन्ही जागा काँग्रेसला मिळाल्या आणि तिघेही पराभूत झाले. श्रमिकांच्या संघटना एकाच मतदारापुढे परस्परविरोधी आवाहने घेऊन गेल्या, की त्यांचे बळ कसे विभागले जाते, याचा हा ठळक नमुना होय.

पाच वर्षांनी चित्र बदलले. संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. १९५७ मध्ये मुंबई शहर मध्य मतदारसंघातून डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने असे दोघेही लोकसभेवर गेले. या काळात गिरणी संघटनांचे सामर्थ्य एकाएकी वाढले होते असे म्हणता येणार नाही. बदल झाला तो प्रश्नाच्या स्वरूपात. मुंबई कोणाची, हा प्रश्न जसा कामगाराचा होता तसाच त्याच्या कुटुंबाचा व शेजाऱ्याचाही होता. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या कलापथकाने १९४० च्या दशकापासून वस्तीशी जे नाते जोडले होते, ते या वेळी फळाला आले.

महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यानंतर या प्रश्नाचा निकाल लागला आणि समितीतील ऐक्यही टिकले नाही. १९६२ मध्ये डांगे यांना लोकसभेत जाता आले नाही. १९६७ मध्ये ते पुन्हा निवडून आले. संघटना आणि नेता कायम असूनही निकाल बदलत राहिले, ही बाब पहिल्या मताला छेद देते.

कायदेशीर मान्यता आणि लोकमान्यता

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटनेची संकल्पना आणली. त्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या इंटकशी संलग्न संघटनेला मालकांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार लाभला. तिचे सभासदत्व घेण्यामागे कामगाराची व्यावहारिक गरजही होती. तक्रार चालवायची तर मान्यताप्राप्त संघटनेचे दार ठोठावणे भाग होते. परंतु मान्यताप्राप्त संघटना काँग्रेसच्या बाजूची असतानाही गिरणगावाने १९५७ आणि १९६७ मध्ये डांगे यांना लोकसभेत पाठविले. कामगार एका संघटनेची पावती फाडत होता आणि दुसरीच्या उमेदवाराला मत देत होता. यात ढोंग पाहण्याचे कारण नाही. तक्रारनिवारण आणि प्रतिनिधित्व या भिन्न गरजांना त्याने दिलेली ती भिन्न उत्तरे होती.

दुसऱ्या मताची मर्यादा

परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची जून १९७० मध्ये हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव होऊन शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. वर्गजाणीव संपल्याचा पुरावा म्हणून या निकालाचा उल्लेख केला जातो. परंतु जानेवारी १९७४ मधील मध्य मुंबई लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा असतानाही कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. दलित पँथरने त्या वेळी बहिष्काराचे आवाहन केले होते. म्हणजेच वस्तीतील मत चार वर्षांपूर्वी कायमचे एका बाजूस गेले नव्हते.

शिवसेनेचे यश शाखांच्या कार्यपद्धतीशी निगडित होते. पाणी, प्रवेश, नोकरी, भांडण अशा दैनंदिन बाबींसाठी शाखा चाळीजवळ उपलब्ध होती. चाळ समित्या, व्यायामशाळा आणि कलापथके यांच्याद्वारे डाव्या चळवळीने पूर्वी जे स्थान मिळविले होते, तेच स्थान शाखेने घेतले. राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या १९९४ च्या ग्रंथात मुंबईच्या कामगारांच्या राजकारणात वस्तीला दिलेले महत्त्व येथे मार्गदर्शक ठरते. रोजगार अनिश्चित असल्याने कामगाराचा आधार वस्तीत होता. साहजिकच त्याचे राजकारणही तेथेच घडले.

येथे एक आक्षेप संभवतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप अपयशी ठरल्यानंतरही डॉ. दत्ता सामंत डिसेंबर १९८४ मध्ये, काँग्रेसच्या लाटेत, दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून विजयी झाले. हे तर निव्वळ संघटनेचे मत नव्हे काय? या संपाचे स्वरूप पाहता तसे म्हणता येत नाही. सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबल्याने खाणावळ, वाण्याची उधारी, मुलांचे शिक्षण आणि गावी जाणारी मनीऑर्डर या सर्वांवर परिणाम झाला. संप गिरणीत झाला, पण तो सोसला घराने. संघटनेचा प्रश्न घराचा प्रश्न बनला आणि त्यामुळे मतही मिळाले. परंतु अनेक कामगार गावी परतले, वस्ती विसकटत गेली आणि १९८९ मध्ये त्याच मतदारसंघातून वामनराव महाडिक लोकसभेत गेले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनास एक मर्यादा आहे. मतदान गुप्त असते आणि मतदारसंघाच्या निकालावरून व्यक्तीच्या मताविषयी केवळ अनुमान करता येते. तरीही १९५२ ते १९८९ या काळातील निकाल एकत्र पाहता संघटनेच्या शिफारशीचे बळ तिच्या सभासदसंख्येवर अवलंबून नव्हते, असे दिसते. ब्रिटनमध्ये १९०० साली कामगार संघटनांच्या पुढाकाराने संसदीय प्रतिनिधित्वासाठी समिती स्थापन झाली आणि तिचाच पुढे मजूर पक्ष झाला. आपल्याकडे बहुधा पक्षांनी संघटना उभारल्या. परिणामी उमेदवाराचा निर्णय पक्षात होई आणि कामगाराकडून केवळ अनुमोदनाची अपेक्षा राही.

गिरणी कामगाराने संघटनेचा विश्वासघात केला, अशी भाषा अभ्यासकांनी टाळावयास हवी. मत हे त्याचे संघटनेला देणे नव्हते. ते मागण्यासाठी संघटनेला प्रत्येक वेळी त्याच्या दारापर्यंत जावे लागत होते. जेव्हा ती गेली, तेव्हा ते मिळाले. आज कंत्राटी आणि विखुरलेल्या श्रमिकांना गिरणीचे फाटकही उरलेले नाही. त्यांच्या राजकीय प्रतिनिधित्वाचा विचार करताना कामाच्या जागेइतकेच राहण्याच्या जागेलाही स्थान द्यावे लागेल, हाच गिरणगावाच्या अनुभवाचा अर्थ होय.